कबुतराला जागा, कोंबडीला नोटीस

२०२५ च्या पावसाळ्यात मुंबईत कबुतरांवरून केवढा गदारोळ झाला, तो आपण सगळ्यांनी पाहिला. राज्य सरकारने शहरातले ५१ कबुतरखाने बंद करण्याचं जाहीर केलं. विष्ठेमुळे फुफ्फुसाचे आजार होतात, असं डॉक्टर सांगत होते. उच्च न्यायालयानेही माणसांच्या आरोग्याला आधी मान दिला. तरी ६ ऑगस्टला दादरच्या कबुतरखान्यावर जमाव चालून आला आणि महापालिकेने घातलेली ताडपत्री फाडली गेली. पुढे ऑक्टोबर अखेरीस महापालिकेने चार पर्यायी जागा ठरवून दिल्या. वरळीत एक, अंधेरीच्या लोखंडवाला भागात एक, ऐरोली-मुलुंड नाक्याजवळ एक आणि बोरिवलीत गोराईच्या मैदानावर एक. वेळ सकाळी सात ते नऊ.

आता दुसरं चित्र बघा. घाटकोपरच्या डोंगरउतारावर आमची झोपडी होती, तेव्हा आईकडे पाच-सहा गावरान कोंबड्या असायच्या. वस्ती पाडून पुनर्वसनाची इमारत उभी राहिली. आईने चार कोंबड्या इमारतीमागच्या भिंतीला लागून, लाकडी फळ्यांच्या खुराड्यात ठेवल्या. महिन्याभरात फलकावर नोटीस लागली. कोंबड्या हा उपद्रव आहे, आठ दिवसांत हटवा. पर्यायी जागेचा विषय कोणाच्या मनातही आला नाही. आमच्याही नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. दोन कोंबड्या नातेवाइकांकडे गेल्या, दोन आम्ही खाल्ल्या.

मला कबुतरांशी भांडायचं नाही. प्रश्न एवढाच आहे की या शहरात कोणाचा पक्षी ‘भावना’ ठरतो आणि कोणाचा ‘घाण’? श्रद्धेच्या पक्ष्याला जागा शोधून दिली जाते, पोटाच्या पक्ष्याला नोटीस मिळते. हे आपोआप घडत नाही. उपद्रव कशाला म्हणायचं, हे ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हातात आहे, त्यावर ते ठरतं.

कोंबडी घरात ठेवून उबवणं म्हणजे नेमकं काय, हे आपल्या शहरी पिढीला आता सांगावं लागतं. गावरान कोंबडी काही दिवस अंडी घालते आणि मग खुडूक होते. अंगाला ताप चढल्यासारखी गरम, पिसं फुगवलेली, जागेवरून हलायला तयार नाही. आई तिला जुन्या पाटीत भुसा घालून दहा-बारा अंड्यांवर बसवायची. प्रत्येक अंड्यावर कोळशाने खूण, म्हणजे दुसरी कोंबडी येऊन ताजं अंडं घालून गेली तर ते ओळखून काढता येतं. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात अंडं बॅटरीच्या उजेडासमोर धरायचं. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवायचं, कोरं दिसलं तर काढायचं. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर. मग डालग्याखाली झाकून कणी टाकायची आणि घूस, मांजर, कावळा यांच्यापासून जपायचं. कोंबडा सतत घरचाच राहिला तर पुढची पिल्लं कमजोर निघतात, म्हणून बायका आपसात अंडी आणि कोंबडे बदलायच्या. पैदासशास्त्राच्या पुस्तकात जे जवळच्या नात्यातल्या संकराबद्दल लिहिलेलं असतं, ते आईला शाळेत न जाता माहीत होतं.

बाजारातलं पांढरं अंडं ज्या कोंबडीचं असतं, ती वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. गावरान कोंबडी साठ-सत्तर देते. हिशोबात गावरान हरते, हे मान्य. पण त्या तीनशे अंड्यांसाठी निवड करत करत खुडूक होण्याचा गुणच काढून टाकला गेला. खुडूक कोंबडी अंडी घालायची थांबते आणि कारखान्याला ते परवडत नाही. शिवाय ते संकरित पक्षी असतात, त्यांची पुढची पिढी तशीच निघत नाही. म्हणजे पाळणाऱ्याला दर खेपेला पिल्लं कंपनीकडूनच विकत घ्यावी लागतात. गावरान कोंबडी मात्र स्वतःची पुढची पिढी स्वतः उबवते. वाण तिच्या मालकिणीच्या हातात राहतो. ज्याच्या हातात वाण, त्याला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागत नाही. उत्पादनाच्या साधनांवर मालकी कोणाची, हा प्रश्न जमिनीपुरता आणि गिरणीपुरता नाही. तो पाटीतल्या बारा अंड्यांनाही लागू होतो.

आज याच कोंबडीला ‘हेरिटेज’ म्हणतात. फार्महाऊसवर पाळली की ती जीवनशैली होते आणि उपनगरातल्या महागड्या दुकानात तिचं अंडं दुप्पट भावाने जातं. पण हा वारसा जपला कोणी? कडकनाथ झाबुआच्या भिल्ल आणि भिलाला आदिवासींनी पिढ्यानपिढ्या जपला. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं, नाव देशभर गेलं. पुढच्याच वर्षी आपल्या सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरातून कडकनाथ घोटाळा बाहेर आला. पिल्लं आमच्याकडून घ्या, अंडी आणि पक्षी आम्हीच परत विकत घेऊ, असं सांगून शेतकऱ्यांकडून कोट्यवधी रुपये गोळा केले गेले होते. जपणारे एक, नाव विकणारे दुसरे, बुडणारे तिसरे.

सरकारी योजनांचंही तेच. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या २०२१ पासूनच्या नव्या रचनेत गावरान पद्धतीच्या कुक्कुटपालनाला ५० टक्के, कमाल २५ लाखांपर्यंत भांडवली अनुदान आहे. पण त्यासाठी किमान १००० पैदास पक्षी, अंडी उबवण्याचं यंत्र, जागा आणि बँकेचं कर्ज किंवा स्वतःचं भांडवल हवं. ज्या बाईकडे पाच कोंबड्या आणि पत्र्याची भिंत आहे, तिने त्या दारातून आत कसं जायचं?

आरे कॉलनी तर याचा नमुनाच आहे. तिथे केंद्र सरकारचं कुक्कुट विकास केंद्र आहे. पैदास करणं, पिल्लं पुरवणं आणि प्रशिक्षण देणं ही त्याची कामं. त्याच आरेत आदिवासींचे २७ पाडे आहेत आणि अनेक घरांच्या अंगणात कोंबड्या फिरतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये रात्रीत झाडं तोडली गेली, तेव्हा याच पाड्यांतली माणसं पोलिसांसमोर उभी होती. एका कुंपणाच्या आत देशी कोंबडी म्हणजे ‘विकास’ आणि कुंपणाबाहेर ती पाळणारा माणूस म्हणजे ‘अतिक्रमण’. एकाच जमिनीवरचा हा भेद आपण ओळखला पाहिजे.

आता आपल्याच लोकांच्या शंका. त्या टाळून चालणार नाही.

पहिली शंका: बाबासाहेबांनी शिकायला सांगितलं, शहरात जायला सांगितलं आणि तुम्ही कोंबड्या पाळायला सांगता? नाही. पदवीधर पोराच्या हातात पन्नास पिल्लं देऊन ‘रोजगार दिला’ म्हणणारी योजना मलाही नको. कॉलेज आधी, नोकरी आधी, आरक्षणाची लढाई आधी. पण १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावराचं मांस सोडायला सांगितलं, कारण ते जातीने लादलेलं लाचारीचं अन्न होतं. कोंबडी ही लाचारी नव्हती, ती घरच्या बाईची स्वतःची मिळकत होती. गावात साहेब मुक्कामाला आला की फुकटात कोणाच्या खुराड्यातून कोंबडी उचलली जायची, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा. लादलेलं काम आणि कमावलेली मालमत्ता यांतला फरक विसरलो, तर आपण आपल्याच आयांच्या कष्टाची लाज बाळगायला लागू.

दुसरी शंका धम्माची. बौद्ध माणसाने कोंबडी पाळावी, खावी का? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. ज्याला मांसाहार सोडायचा असेल त्याने खुशाल सोडावा. पण अहिंसेच्या नावाने दुसऱ्याच्या ताटावर पहारा बसवणं हा धम्म नव्हे, ती सोवळ्याची नवी आवृत्ती आहे. घाटकोपर-मुलुंडमध्ये भाड्याचं घर शोधताना ‘नॉनव्हेज खाता का?’ हा प्रश्न ज्याला विचारला गेला आहे, त्याला हे जास्त समजावून सांगायला नको. त्या प्रश्नाआड दुसरा प्रश्न असतो, तो कोणता हेही आपल्याला ठाऊक आहे.

तिसरी शंका आरोग्याची, आणि ती खरी आहे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात बर्ड फ्लू आला, तेव्हा मोठ्या पोल्ट्र्यांबरोबर गरिबांच्या परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. मानमोडी रोग एका रात्रीत खुराडं रिकामं करतो. तीनशे चौरस फुटांच्या घरात किंवा जिन्याखाली कोंबड्या कोंडणं पक्ष्यालाही वाईट आणि माणसालाही. पहाटे आरवणारा कोंबडा रात्रपाळी करून आलेल्या शेजाऱ्याची झोप मोडतो, तर त्याचीही बाजू आहे. म्हणून मी ‘मनाला येईल तशी पाळा’ म्हणत नाही. नियम हवेत. पण नियम आणि हकालपट्टी यांत फरक आहे. कबुतरांसाठी जागा, वेळ आणि अटी ठरवता येतात, तर कोंबड्यांसाठी का नाही?

हा प्रश्न खुराड्यापाशी संपत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. त्यावरही विरोधाचे आवाज उठले. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यांचा निधी थांबवला आणि शाळांना लोकवर्गणीकडे बोट दाखवलं. वर्गणी कोणाच्या शाळेत जमते आणि कोणाच्या नाही, हे सांगायला नको. घरचं अंडं उपद्रव म्हणून बंद, शाळेचं अंडं खर्च म्हणून बंद. मग आपल्या लेकराने अंडं खायचं कुठे?

म्हणून काही ठोस मागण्या आपण लावून धरल्या पाहिजेत. ज्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचे बळी गेले, तिथे आता पुनर्विकास सुरू आहे. अशा प्रत्येक आराखड्यात मंदिर, कार्यालय आणि व्यायामशाळेची चर्चा होते. बायकांच्या छोट्या मिळकतीसाठी एक सामाईक, धुता येईल अशी, घरांपासून अंतरावरची जागा का मागू नये? पाच-दहा पक्षी पाळणाऱ्या बाईसाठी कर्जाशिवायची योजना हवी. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांनी मानमोडी आणि देवीची लस महिन्यातून एकदा वस्तीत आणून द्यावी. आरेच्या केंद्रातली पिल्लं आणि प्रशिक्षण आधी आरेच्याच पाड्यांना मिळावं. आणि शाळेतलं अंडं सरकारी खर्चाने परत यावं.

कार्यकर्त्यांनी एक काम आजपासून करावं. आपल्या वस्तीतल्या ज्या बायकांना अंडी बसवता येतात, त्यांच्याकडून ते शिकून, लिहून ठेवावं. आमच्या आईला आता विचारलं की ती म्हणते, “काय करायचंय बाबा त्या कोंबड्यांचं, लोक नावं ठेवतात.” नोटिशीने चार कोंबड्या गेल्या, त्याचं मला तेवढं वाटत नाही. पण तिला जे येत होतं, त्याची तिला लाज वाटायला लागली, ते मला सहन होत नाही.

जय भीम!