‘हो’ म्हणण्याआधी यादी वाचा

कोलकात्यातल्या सॉल्ट लेकच्या सेक्टर फाईव्हमध्ये सी-डॅकचे केंद्र आहे, सॉफ्टवेअर कंपन्यांची रांग आहे. तिथे काय आणि आपल्या पुण्यात काय, लिनक्स सांभाळणारी मंडळी एकत्र आली की एक वाद हमखास रंगतो: पॅकेजेस टर्मिनलवरून टाकावीत की सिनॅप्टिकसारख्या ग्राफिकल साधनातून?

डेबियन-उबंटूवर दोन्ही वाटा एकाच यंत्रणेकडे जातात. पूरक पॅकेजेस कोणती लागतील ते एपीटी ठरवते, प्रत्यक्ष बसवण्याचे काम डीपीकेजी करते. सिनॅप्टिकही एपीटीच्याच जोरावर चालते. म्हणून तर सिनॅप्टिक उघडे ठेवून टर्मिनलवर इन्स्टॉल करायला गेलात, की लॉक मिळत नाही आणि काम अडते.

फरक पडतो तो जबाबदारीत. २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन या प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हे गेमचे ॲप टाकायला घेतले. ग्राफिकल साधनाने नकार दिला. टर्मिनलवर एपीटीने काढल्या जाणाऱ्या पॅकेजेसची यादी दाखवली, इशारा दिला आणि संमतीचे पूर्ण वाक्य टाइप करायला सांगितले. त्यांनी ते केले आणि अख्खा डेस्कटॉप उडाला. पुढे एपीटीनेही वाक्य टाइप करून पुढे जाण्याची ती सोय काढून टाकली. साधनाने सुधारणा केली. यादी वाचण्याची सवय मात्र आपल्यालाच लावून घ्यावी लागेल.

आमचे मत स्पष्ट आहे. सर्व्हरवर आणि अनेक मशीन असलेल्या लॅबमध्ये टर्मिनलच वापरावे. कमांड फाइलमध्ये लिहून ठेवता येते, सहकाऱ्याकडून तपासून घेता येते, प्रत्येक मशीनवर जशीच्या तशी चालवता येते. एपीटीच्या हिस्टरी लॉगमध्ये तारीख-वेळेसह ती कमांड अक्षरशः नोंदली जाते. रात्री सर्व्हर बसला तर पहिला धागा तिथेच सापडतो.

पण ग्राफिकल साधनांना नाके मुरडू नका. नेमके पॅकेज शोधायला, वर्णन वाचायला, नवख्याची भीती घालवायला सिनॅप्टिक उत्तम आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतून ऐकता येतात. नव्या सहकाऱ्याला तिथून सुरुवात करू द्या.

त्याला हाताला धरून एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी शिकवा. मोठा बदल करण्याआधी एपीटीचे सिम्युलेशन, म्हणजे प्रत्यक्ष बदल न करता होणारी रंगीत तालीम, चालवायचे, त्यात ‘काढली जाणारी पॅकेजेस’ हा भाग शेवटपर्यंत वाचायचा, आणि त्यातल्या एखाद्याही नावाचा अर्थ लागत नसेल तर पुढे जायचे नाही. ज्या मशीनवर दुसऱ्यांची कामे चालतात, तिथे एवढी काळजी हा आपल्या पेशाचा धर्मच आहे.