तणांच्या बियांची मोजदाद

शेतातील माती धुऊन-चाळून तणांचे बी भिंगाखाली मोजणे, हे कृषिसंशोधनातील अत्यंत जिकिरीचे काम. आता ते कॅमेरा व संगणक झपाट्याने करू लागले आहेत. त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु गणती म्हणजे ज्ञान नव्हे. बी जिवंत की मृत, हे केवळ बाह्यरूपावरून ठरत नाही. अमेरिकेतील मिशिगन येथे विल्यम बील यांनी १८७९ साली तणांचे बी बाटल्यांत भरून पुरले. त्यांतील काही २०२१ मध्ये, १४२ वर्षांनी, रुजले! मातीतील असे बी म्हणजे शेतकऱ्यावरील सुप्त कर्जच. त्याचे व्याज खुरपणीच्या मजुरीतून फेडावे लागते. तेव्हा यंत्रामुळे वाचलेला वेळ उगवणचाचणीकडे वळवावा आणि निष्कर्ष पेरणीपूर्वी बांधावर पोचवावेत. अन्यथा अचूक गणतीचा लाभ प्रबंधांपुरताच उरेल.