समुपदेशकाच्या दारापर्यंत नेणारा डिझाइनचा तास

एनसीआरबीच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यात सर्वाधिक, १,७६४ महाराष्ट्रातले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक समुपदेशक नेमायला सांगितलं. पण खेड्यातून एसटीनं येणारं पोरगं त्या खोलीत जाईल का? चार लोक काय म्हणतील, ही भीती मोठी.

इथं डिझाइनचा तास कामाला येऊ शकतो. नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रमाला क्रेडिट आहेत, त्यात दृश्यकलाही बसते. एसटी स्टँडवरचा फलक सहज वाचता येईल असा करायचा, आजीच्या गोधडीवरून नवी नक्षी काढायची. पहिला नमुना बिघडतोच, मग तो मोडून पुन्हा करायचा. बिघडलं म्हणजे संपलं नाही, हे पोरं हातानं शिकतात. आणि हात कामात असले की तोंडही उघडतं.

अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात ४५ मिनिटांच्या कलाकामानंतर सुमारे ७५ टक्के जणांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, कमी झालं. मात्र सहभागी ३९च होते. त्यामुळे याला उपचार समजू नये. गुणांची चढाओढ लावली तर होता फायदाही जाईल.

गप्प झालेला विद्यार्थी या तासाला शिक्षकाच्या नजरेत येईल, पण त्याला पुढं पाठवायला समुपदेशक हवाच. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक तरी आजच वर्गाच्या भिंतीवर लावा.