खेळाला मुक्काम हवा

"डॉक्टरसाहेब, पोरगं रात्र-रात्र गेम खेळतंय, काय करावं?" हा प्रश्न आता माझ्या दवाखान्यात ताप-खोकल्याइतकाच नेहमीचा झाला आहे. मुखेडातलेच काय, आसपासच्या वाडी-तांड्यांवरचे पालकही तो विचारतात. बहुतेकांचा तोडगा ठरलेला असतो : मोबाईल हिसकावायचा आणि कपाटात कुलूपबंद करायचा. माझे मत थोडे वेगळे आहे. ज्या खेळाला थांबा आहे त्याची भीती नको. थांबा नसलेल्या खेळाची जरूर बाळगावी.

उदाहरणादाखल एक जुना जपानी खेळ घेतो. माझा पुतण्या लातूरला अकरावीत आहे, 'नीट'ची तयारी करतो. दिवाळीच्या सुट्टीत तो मोबाईलवर 'सिक्रेट ऑफ माना' खेळत होता. भावाने मला त्याला चार शब्द सुनवायला बोलावले. मी तासभर तो खेळच पाहत बसलो. स्क्वेअर या जपानी कंपनीने १९९३ मध्ये सुपर फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या यंत्रासाठी तो काढला. पुढे २०१० मध्ये आयफोनवर व २०१४ मध्ये अँड्रॉइडवर तो आला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात कॅसेट घालून मारिओ, कॉन्ट्रा खेळत, त्याच काळातला. पण यात मारामारीसोबत मोठी गोष्ट आहे. एक मुलगा गंजलेली तलवार उपसतो, त्यामुळे राक्षस मोकाट सुटतात आणि गावकरी त्याला गावाबाहेर काढतात. पुढे दोन सोबती मिळतात व तिघांचा प्रवास सुरू होतो.

वैद्यकीय नजरेने मला त्यात तीन गोष्टी आवडल्या. पहिली, तलवारीचा एक वार केला की ताकद शून्यावर येते. ती पुन्हा १०० टक्के भरेपर्यंत दम धरावा लागतो. घाईने बटणे बडवली तर वार पोकळ जातो. दुसरी, वाटेत सराया आहेत. तिथे पैसे मोजून रात्र काढली की थकलेल्या गड्याची शक्ती भरून येते आणि तिथवरचा खेळ नोंदवून ठेवता येतो. उद्या तिथूनच पुढे. तिसरी, या खेळाला शेवट आहे. गोष्ट संपते आणि मुलगा मोकळा होतो. शिवाय मूळ यंत्राला एक जोडणी लावली की तिघांना एकाच टीव्हीसमोर बसून खेळता येई.

आता हल्लीचे फुकटचे मोबाईल गेम पाहा. एक डाव संपतो न संपतो तोच दुसरा सुरू. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर नुकसान. शेवट नाहीच, कारण मूल जितका वेळ खिळून राहील तितकी कंपनीची कमाई. अशा खेळात मुलाला "थांब" म्हणणारे कोणीच नसते.

मग शरीर तक्रार करते. एकटक पाहताना पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे होतात, डोके दुखते. सतत जवळचे पाहणे व उन्हात न जाणे यामुळे चष्म्याचा नंबर लागण्याची शक्यता वाढते. झोप बुडाली की वर्गात लक्ष लागत नाही. काही थोड्या मुलांना लखलखत्या चित्रांनी फीट येऊ शकते. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉन या टीव्ही मालिकेतील लाल-निळ्या लखलखाटानंतर सहाशेहून अधिक जणांना दवाखान्यात न्यावे लागले होते. त्यांत बहुतेक मुलेच होती.

पालकांनी पुढील पथ्ये पाळावीत. ऐन लढाईत मोबाईल ओढू नका. "पुढच्या सराईला थांब" असे आधीच ठरवा आणि मग तो शब्द पाळायला लावा. दर २० मिनिटांनी २० फूट लांब २० सेकंद पाहू द्या. खोलीत दिवा चालू असावा. रोज दोन तास मोकळ्या उजेडात खेळणे हवे. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, तेव्हा मोबाईल अंथरुणात नको. पूर्वी फीट आली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे खेळ देऊ नयेत.

खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व मागे पडणे आणि नुकसान दिसूनही खेळ चालूच राहणे, हे साधारण वर्षभर टिकले तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत तो आजार आहे. आजाराला मार हे औषध नव्हे. 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत सल्ला मिळतो.

काही पालक म्हणतील, परीक्षेच्या वर्षात खेळ हवाच कशाला? त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, आपली मुले सोळाव्या वर्षी लातूर-नांदेडच्या खोल्यांत एकटी राहायला जातात. तिथे मोबाईल असतो, कुलूप लावणारे आई-बाप नसतात. स्वतःहून थांबण्याची सवय घरी लागली असेल तरच ती तिथे कामी येते. म्हणून आज संध्याकाळी मुलाशेजारी अर्धा तास बसा, तो काय खेळतो ते पाहा आणि त्या खेळात मुक्काम कुठे आहे, हे त्यालाच विचारा.