विश्लेषण : रफींच्या कबरीचा पत्ता नारळाचे झाड! मुंबईतील नामवंतांच्या कबरी सापडत का नाहीत?

दरवर्षी ३१ जुलैला पुण्यतिथीनिमित्त आणि २४ डिसेंबरला जयंतीनिमित्त मोहम्मद रफी यांचे चाहते जुहूच्या कब्रस्तानात येतात. हातात फुले असतात, पण ती वाहायला कबर नसते. नव्या दफनांसाठी जागा हवी म्हणून २०१० मध्ये ती काढण्यात आली. मग चाहते जवळच्या एका नारळाच्या झाडाची खूण धरतात आणि तिथे उभे राहतात. मधुबालाची कबरही त्याच वेळी गेली, साहिर लुधियानवी यांचीही गेली. हे वाचून पहिल्यांदा संताप येतो. मलाही आला होता. मग मी कागद घेऊन हिशेब केला आणि संताप उतरला. खरे तर तो दुसरीकडे वळला.

कबरी काढल्या, हे चुकले का?

माझ्या मते नाही. साधा हिशेब पाहा. येण्या-जाण्याची वाट धरून एका कबरीला तीन चौरस मीटर जागा लागते असे मानू. एक एकर म्हणजे साधारण चार हजार चौरस मीटर. म्हणजे एकरी तेराशेच्या आसपास कबरी. रोज एकच दफन झाले तरी पावणेचार वर्षांत ती जमीन भरून जाईल. त्यानंतर काय? मुंबईत नवी जमीन समुद्रात भराव टाकूनच मिळते आणि ती कब्रस्तानासाठी मिळत नाही.

म्हणून जुनी कबर काही वर्षांनी पुन्हा उघडणे ही इथली जुनी रीत आहे. इस्लाममध्ये कबर साधी असावी, असाच आग्रह अनेक धर्मपंडित धरतात, संगमरवर ही नंतरची हौस. मुंबईच्या ख्रिस्ती दफनभूमींतही कायमस्वरूपी जागा सगळ्यांना मिळत नाही. काही काळाने अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवल्या जातात. रफींचा आवाज कितीही मोठा असला, तरी काल वारलेल्या जुहूच्या एखाद्या रिक्षाचालकाला तीन चौरस मीटर नाकारावेत इतका त्यांचा हक्क मोठा नाही. हे वाचून रफीभक्त चिडतील, याची कल्पना आहे. माझ्या घरातच एक आहेत.

मग आक्षेप कशाला?

आक्षेप आहे नोंदीला, म्हणजे नोंद न ठेवण्याला. संगमरवर काढायच्या आधी कुणीतरी टेप लावून ‘फाटकापासून इतके, भिंतीपासून इतके’ असे लिहून ते लोकांना दिसेल असे लावायला हवे होते. त्याला जागा लागत नाही आणि खर्च जवळपास शून्य. ते झाले नाही म्हणून आज एका झाडावर भिस्त आहे. तौक्ते वादळात १७ मे २०२१ रोजी मुंबईत किती झाडे आडवी झाली, ते आपण पाहिले आहे.

कोण कुठे विसावले आहे?

मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात नर्गिस (१९८१) आहेत, ‘मदर इंडिया’चे दिग्दर्शक मेहबूब खान (१९६४) आहेत आणि सुरैया (२००४) आहेत. मीना कुमारी (१९७२) माझगावच्या रहमताबादमध्ये, त्यांच्या शेजारी कमाल अमरोही. दिलीप कुमार २०२१ मध्ये जुहूला गेले. त्याआधीच्या वर्षी एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, मोजक्या माणसांच्या उपस्थितीत इरफान खान यांना वर्सोव्यात दफन करण्यात आले. यातल्या बऱ्याच कब्रस्तानांत स्त्रियांनी आत जाण्याची पद्धत नाही. म्हणजे मीना कुमारींची कबर सापडली, तरी त्यांच्यासाठी रडलेल्या आमच्या आज्यांना ती पाहता येईलच असे नाही.

माझगावातच, खोजा शिया इस्नाअशरी जमातीच्या आरामबागेत, रतनबाई ऊर्फ रत्ती जिना आहेत. पेटिट या बड्या पारशी घराण्यातील ही मुलगी वयाच्या अठराव्या वर्षी महंमद अली जिना यांच्याशी लग्न करून घराला पारखी झाली आणि २० फेब्रुवारी १९२९ रोजी, ऐन एकोणतिसाव्या वाढदिवशी गेली. कबरीवर माती टाकताना जिना रडले, असे न्या. एम. सी. छागला यांनी नोंदवून ठेवले आहे. त्यांना तसे कुणी फारसे पाहिलेले नव्हते. फाळणीचा इतिहास शाळेत पाठ करताना ही कबर सीएसएमटीपासून काहीच स्थानकांवर आहे, हे मला कुणी सांगितले नव्हते.

शिवडीत कोण आहे?

याच हार्बर मार्गावर पुढे शिवडी. तिथली ख्रिस्ती दफनभूमी मूळची वनस्पती उद्यान. अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची ही बाग १८६०च्या दशकात युरोपीयांच्या दफनभूमीसाठी गेली आणि बागेचा संसार भायखळ्याला हलला. तीच आपली राणीची बाग. पेंग्विन पाहायला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

सीएसएमटीहून लोकल पकडून शिवडीला उतरलात, की सीएसएमटी बांधणारा माणूस तुम्हाला तिथे भेटतो. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. स्थानकाची इमारत त्यांची, समोरचे महापालिका मुख्यालय त्यांचे. १९०० मध्ये मुंबईतच मृत्यू, दफन शिवडीला. गेटवे ऑफ इंडिया, आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि केईएम रुग्णालय ज्यांच्या आराखड्यावर उभे राहिले ते जॉर्ज विटेटही (१९२६) इथेच. मुंबईच्या फ्रिज मॅग्नेटवर जे जे छापले जाते, त्यातला मोठा भाग या दोघांचा.

पण मला शिवडीला ओढून नेले ते काका बॅप्टिस्टा यांनी. जोसेफ बॅप्टिस्टा हे माझगावच्या माथारपाखाडीचे ईस्ट इंडियन. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, मग केंब्रिज, मग बॅरिस्टर. (इंजिनीअरिंग करून भलतेच काम करण्याची परंपरा जुनी आहे, एवढे नोंदवून ठेवतो.) लोकमान्य टिळकांचे ते निकटचे सहकारी. १९१६ मध्ये टिळकांनी होमरूल लीग काढली, तिचे पहिले अध्यक्ष काका. आयटकच्या स्थापनेत ते होते आणि १९२५-२६ मध्ये मुंबई महापालिकेचे अध्यक्ष, आजच्या भाषेत महापौर. १९३० मध्ये ते गेले. टिळकांवर अंत्यसंस्कार झाले ती गिरगाव चौपाटी शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. काकांची शिवडी किती जणांना ठाऊक आहे?

कवी डॉम मोराइस (२००४) यांचीही कबर याच आवारात. त्यांच्या कबरीवरची माती पुढे इंग्लंडमधील ऑडकम या खेड्यात नेऊन पुरण्यात आली, कारण सतराव्या शतकात पायी भारत गाठणारे टॉमस कोरिएट तिथले आणि मोराइस यांना त्यांचे वेड. एका माणसाचे दोन पत्ते.

‘नामवंत’ कुणी ठरवायचे?

हा प्रश्न सोपा नाही. बडा कब्रस्तानात नर्गिसच्या आवारातच हाजी मस्तान आणि करीम लालाही आहेत. मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात २०१५ मध्ये फाशी झालेला याकूब मेमनही तिथेच आहे. २०२२ मध्ये त्याच्या कबरीभोवती संगमरवर आणि एलईडी दिवे लागल्यावरून राजकीय वादळ उठले आणि पोलिसांनी दिवे काढले. यादी केली की अशी कबरही यादीत येणार, मग नकोच यादी, असे काही जण म्हणतात. मला उलटे वाटते. संगमरवर आणि दिवे हा गौरव झाला, वहीतली नोंद हा नुसता पुरावा. नोंद सर्वांची ठेवावी, रिक्षाचालकाचीही. कुणाची शोधायची ते शोधणारा ठरवेल. पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत नकाशा घेऊन फिरणारे लोक दिसतात. आपल्याकडे पर्यटन नको, शोकाकुल कुटुंबांमध्ये सेल्फी तर नकोच. पण निदान तक्ता हवा.

फोनवर पिन टाकली की झाले, असे नाही का?

नाही. फोनचा जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही तीन-पाच मीटर चुकतो, झाडांखाली आणखी. कबर रुंदीला एक मीटरही नसते. म्हणजे पिन सहज शेजारच्याच्या, नाहीतर त्याच्याही शेजारच्याच्या छातीवर पडते. मला एकदा फोनवरच्या नकाशाने एका कब्रस्तानाच्या बाहेरच्या भिंतीपाशी, चहाच्या टपरीसमोर उभे करून ‘तुम्ही पोहोचला आहात’ असे सांगितले होते.

यावर उपाय जुना आहे, सर्व्हेच्या पहिल्या वर्षात शिकवतात तो. न हलणाऱ्या दोन खुणा घ्यायच्या, समजा फाटकाचा खांब आणि भिंतीचा कोपरा, आणि दोन्हींपासून टेपने अंतर मोजायचे. एकाच खुणेपासूनचे अंतर कळले तर वर्तुळ मिळते, दोन खुणांपासूनचे कळले तर दोन बिंदू, आणि खुणा नीट निवडल्या तर त्यातला एक भिंतीबाहेर पडतो. उरतो तो खरा.

रफींच्या बाबतीत आपल्याकडे सध्या एकच खूण आहे, ते झाड. अंतर कुणी लिहून ठेवलेले मला सापडले नाही. त्यांचे दफन १९८० मधले. तेव्हा तिथे हजर असलेली विशीतली माणसे आज साठीच्या पुढे आहेत. त्यांना टेपचे एक टोक धरायला बोलवायचे असेल, तर या ३१ जुलैलाच बोलवायला हवे.