'हा त्यांचा विषय नव्हे!'

वर्षभर एक वाक्य आमच्या कानांवर आदळत राहिले : 'हा त्यांचा विषय नव्हे.' एका निवृत्त गणित शिक्षकांचा ज्ञानेश्वरीतल्या दृष्टान्तांवरचा लेख आम्ही छापला. आलेल्या नाराजीच्या पत्रांत लेखातले एकही विधान कुणी खोडून काढले नव्हते. हरकत एवढीच, की गणिताच्या माणसाने ज्ञानेश्वरीला हात का लावावा. आम्हाला या हरकतीचा मनस्वी राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

यंदा, 2025 साली, बोलण्यासारखे पुष्कळ घडले. शाळेत पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून रान पेटले, सप्टेंबरच्या पुराने मराठवाड्यातली उभी पिके नेली. त्यांवर अंकात लेख आहेतच. ही जागा मात्र गणितातून तत्त्वज्ञानात गेलेल्या आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड यांच्यासाठी.

व्हाइटहेड 1861 साली इंग्लंडमधल्या रॅम्सगेटला जन्मले. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गणित शिकले आणि पंचविसेक वर्षे तिथेच शिकवले. बर्ट्रांड रसेल त्यांचे विद्यार्थी. पुढे गुरुशिष्यांनी मिळून 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका' हा त्रिखंडी ग्रंथ लिहिला. सगळे गणित निव्वळ तर्कशास्त्रातून उभे करून दाखवायचे, हा त्यामागचा हट्ट. पहिल्या खंडाची साडेतीनशेहून जास्त पाने उलटली, की कुठे 'एक अधिक एक बरोबर दोन' दृष्टीच्या टप्प्यात येते. तिथेही लेखक बजावतात की बेरीज म्हणजे काय हे अजून ठरायचे आहे. ते ठरते दुसऱ्या खंडात. छापखान्याने 600 पौंडांच्या तोट्याचा अंदाज काढला. 300 विद्यापीठाच्या मुद्रणालयाने सोसले, 200 रॉयल सोसायटीने दिले, उरलेले 100 दोघा लेखकांनी निम्मे-निम्मे खिशातून भरले. दहा वर्षांच्या मेहनतीवर पदरचे पैसे घालणारी ही माणसे!

1910 साली, दुसरी नोकरी हातात नसताना, व्हाइटहेड केंब्रिज सोडून लंडनला आले. पहिल्या महायुद्धात त्यांचा धाकटा मुलगा एरिक विमानदलात होता. 1918 च्या मार्चमध्ये तो मारला गेला. पुढच्याच वर्षी निघालेले निसर्गज्ञानाच्या मूलतत्त्वांवरचे पुस्तक त्यांनी एरिकला अर्पण केले. त्यात ते विचारतात : भूमितीतला बिंदू कुणी पाहिला आहे? घड्याळातला निव्वळ क्षण कुणी अनुभवला आहे? आपल्या वाट्याला येतात त्या घटना, ज्यांना काही लांबीरुंदी आणि काही अवधी असतो. बिंदू आणि क्षण त्यांतून आपण गाळून काढतो. प्रश्न गणिताच्या पोटातूनच आला होता, पण उत्तर शोधता शोधता गणिताची हद्द मागे पडली.

1924 साली हार्वर्डने त्यांना बोलावले, ते तत्त्वज्ञान शिकवायला. वय 63. तत्त्वज्ञानाचे रीतसर शिक्षण त्यांनी कधीच घेतलेले नव्हते. आमच्या पत्रलेखकांनी त्यांना दारातूनच परत पाठवले असते. हार्वर्डने मात्र 1937 पर्यंत सोडले नाही. 1929 साली 'प्रोसेस अँड रिअॅलिटी' आले. जग वस्तूंचे बनलेले नसून घडण्याचे बनलेले आहे, आणि प्रत्येक घडणे आधीच्या घडण्यांना पोटात घेऊनच घडते, ही त्यातली मांडणी. ग्रंथ विलक्षण अवघड आहे. काही पानांवर आजही अभ्यासक अडखळतात.

त्याआधीच्या, 1925 च्या पुस्तकात त्यांनी एक दोष दाखवून दिला आहे. आपण सोयीसाठी एखादी अमूर्त कल्पना काढतो आणि मग तीच खरी, भरीव वस्तू समजून बसतो. आमच्या मते वर्षभराच्या हरकतींचे मूळ इथे आहे. 'गणिताचा माणूस' हे आपण सोयीसाठी काढलेले सार आहे. पंधराव्या वर्षी मुलाला सायन्स की आर्ट्‌स विचारायचे, आणि पन्नासाव्या वर्षी त्याच रकान्यावरून त्याला गप्प करायचे, यात माणूस कुठेच हिशेबात येत नाही.

गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी व्हाइटहेडांच्याच काळात हार्वर्डला विद्यार्थी होते. 1929 मध्ये पदवी घेऊन ते परतले. पुण्याला फर्ग्युसनमध्ये गणित शिकवता शिकवता त्यांनी हजारो प्राचीन नाणी काट्यावर तोलली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते, म्हणून वजनातल्या घटीवरून त्याच्या वापराचा काळ अजमावता येतो, हे त्यांनी संख्याशास्त्राने दाखवले. भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती काढली, आणि 1956 साली भारतीय इतिहासावरचा ग्रंथ लिहिला. इतिहासाच्या किती पदवीधारकांनी काट्यावर नाणे ठेवले होते?

आता, वाहिन्यांवर सकाळी अर्थकारणावर आणि संध्याकाळी आयुर्वेदावर बोलणाऱ्यांना यातून मोकळीक मिळत नाही. व्हाइटहेडांनी पन्नाशीनंतर नव्या विषयात स्वतःला रगडले. कोसंबींनी संस्कृत पोथ्या ताडून पाहिल्या. ज्याने ही मेहनत केली नाही त्याला जरूर अडवावे, पण त्याचा मजकूर वाचून अडवावे.

यंदाच्या अंकाचा विषय 'दुसरी वाट' ठेवला तो म्हणूनच. यात शल्यविशारदाने लिहिलेला घराण्यांच्या गायकीवरचा लेख आहे, आणि स्थापत्य अभियंत्याने केलेली ओव्यांची चर्चा आहे. दोन्ही लेख आम्ही त्या त्या विषयातल्या जाणकारांकडून तपासून घेतले, दुरुस्त्या करवून घेतल्या, मगच छापले. पुढच्या वर्षीही असे लेख येऊ द्या. हरकतीची पत्रेही येऊ द्या. त्यांत लेखातले चुकीचे वाक्य आणि ते का चुकीचे, एवढे लिहिलेले असले की आम्ही ती जशीच्या तशी छापू.



– संपादक