खुर्चीला मिळालेले पद्मभूषण

धंतोलीत जन्मलेल्या विक्रम पंडित यांना २००८ च्या जानेवारीत ‘पद्मभूषण’ जाहीर झाले, तेव्हा नागपूरकरांना आनंद होणे स्वाभाविक होते. पंडित सिटीग्रुपच्या सर्वोच्च पदावर येऊन त्या वेळी जेमतेम दीड महिना लोटला होता. घोषणेच्या दहाच दिवस आधी याच बँकेने एका तिमाहीत ९८३ कोटी डॉलरचा तोटा जाहीर केला होता. तो खड्डा पंडितांनी खणलेला नव्हता, हे मान्य. मग दिल्लीश्वरांनी गौरव केला तो कोणत्या कर्तृत्वाचा?

पंडितांची बुद्धिमत्ता वादातीत आहे. सोळाव्या वर्षी अमेरिका गाठून त्यांनी कोलंबिया विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी आणि पुढे वित्तशास्त्रातील डॉक्टरेट मिळविली. मॉर्गन स्टॅन्लेत दोन दशके काढली. तेथून २००५ मध्ये बाहेर पडून सहकाऱ्यांसह ‘ओल्ड लेन’ हा गुंतवणूक फंड उभारला. सिटीग्रुपने तो २००७ मध्ये सुमारे ८० कोटी डॉलर मोजून विकत घेतला. त्यातील साडेसोळा कोटी पंडितांच्या वाट्याला आल्याचे अमेरिकी वृत्तपत्रांनी छापले. आणि जून २००८ मध्ये, म्हणजे वर्षभरातच, तो फंड गुंडाळण्याचे ठरले! विकणारा श्रीमंत झाला, घेणाऱ्याच्या हाती काय राहिले?

त्याच वर्षी अमेरिकी करदात्यांच्या ४५०० कोटी डॉलरवर बँक तरली आणि पन्नास हजारांहून अधिक नोकऱ्या जाणार असल्याचे जाहीर झाले. पुढे पंडितांनी वार्षिक एक डॉलर वेतन स्वीकारले, २०१० मध्ये बँक नफ्यात आली, हेही नोंदवायला हवे. गौरवच करायचा तर तो तेव्हा शोभला असता.

पण आपल्याकडे परदेशी खुर्ची दिसली की हार तयार असतो. धनंजयराव गाडगीळ हेही अर्थशास्त्राचेच पंडित. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे ते पहिले अध्यक्ष. शेतकऱ्यांच्या भांडवलावर कारखाना उभा राहू शकतो, हे त्यांनी विठ्ठलराव विखे पाटलांच्या साथीने दाखवून दिले. त्यांचे नाव आज किती मराठी घरांत मुलांपुढे घेतले जाते? तिथे चर्चा असते ती अमुक अमेरिकेत किती ‘पॅकेज’ घेतो याची.

त्या पॅकेजचा निवाडा अखेर अमेरिकेतच झाला. एप्रिल २०१२ मध्ये पंडितांच्या सुमारे दीड कोटी डॉलरच्या मोबदल्याविरुद्ध ५५ टक्के मते पडली. ऑक्टोबरमध्ये त्यांनी पद सोडले. भागधारकांनी निदान ताळेबंद पाहून मत दिले होते.